जनावरांचा सरकारी डॉक्टर: साथ सांभाळायची की रोजचा पेशंट?

दावणीवरून (धागाकर्ता)

२०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी या त्वचारोगाची जनावरं सापडली आणि बघता बघता रोग राज्यभर गेला. ओडिशात तो २०१९ मध्ये आणि आपल्या गडचिरोलीत २०२० मध्येच दिसला होता, म्हणजे अगदी अचानक आलेला नव्हता. पण आला तेव्हा सरकारी यंत्रणा कशी हलली ते मी गोठ्यात उभं राहून पाहिलं. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. लम्पीची स्वतःची लस बाजारात नव्हती, तर शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचायचं ठरलं, तीही फुकट. पशुधन विकास अधिकारी, पर्यवेक्षक, पशुवैद्यकीय कॉलेजची पोरं, खासगी पदविकाधारक सगळे एकाच गाडीत बसून वस्त्यांवर फिरत होते. मेलेल्या दुभत्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत जाहीर झाली आणि आमच्या गावात ती लोकांच्या खात्यात आली.

हेच पशुसंवर्धन खातं एरवी कसं दिसतं? आमच्या भागात (संगमनेरच्या आसपास) दवाखान्याची इमारत आहे, बोर्ड आहे. डॉक्टरकडे शेजारच्या दोन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार आहे. सकाळी तालुक्याला बैठक, दुपारी योजनांचे अर्ज, मग कानातल्या बिल्ल्यांची ऑनलाइन नोंद, कुठे वीज पडून म्हैस मेली तर पंचनामा आणि शवविच्छेदन, शिवाय कृत्रिम रेतनाचं उद्दिष्ट. हा माणूस कामचुकार नाही, मी त्याला ओळखतो. पण रात्री व्यालेली गाय दुग्धज्वराने मान टाकून बसली की त्याला बोलावण्यात अर्थ नसतो. आम्ही खासगी डॉक्टरला फोन लावतो, तो येतो, कॅल्शियमची बाटली शिरेतून देतो आणि पाचशे-सातशे घेऊन जातो. संकरित गाईंच्या पट्ट्यात हे आता सगळ्यांनी धरूनच चाललंय.

माझं म्हणणं असं. साथीच्या रोगांचं काम एकट्या शेतकऱ्याच्या हातातलं नाही. मी माझ्या सगळ्या गाईंना लाळ्या खुरकुताची लस दिली आणि शेजाऱ्याने दिली नाही तर माझाही गोठा धोक्यात राहतो. लस, शीतसाखळी, रोगनिदान, बाजारावर नियंत्रण, नुकसानभरपाई ही कामं सरकारशिवाय कोणीच करू शकत नाही. पोटफुगी, कासदाह, वार अडकणे या रोजच्या उपचारांचं तसं नाही, ते पैसे देऊन मिळतात. आपण मात्र दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात घातली आहेत, आणि लसीकरणाच्या हंगामात तो पेशंट पाहत नाही व पेशंटच्या दिवशी लसीकरण मागे पडतं.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच दर ५,००० जनावरांमागे एक पशुवैद्य असावा असं म्हटलं होतं. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गाई-बैल आणि ५६ लाख म्हशी आहेत. शेळ्या-मेंढ्या बाजूला ठेवल्या तरी ३,९०० डॉक्टर लागतात, तेही सगळे गावात बसलेले. एमपीएससीने २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली, यावरूनच किती खुर्च्या रिकाम्या होत्या ते कळतं. भरती होतेय हे चांगलंच आहे. पण ही नवी माणसं पुन्हा त्याच गोंधळात टाकायची का? की साथरोगाचं पथक वेगळं आणि उपचार करणारा डॉक्टर वेगळा असं करायचं? गोठा असणाऱ्यांनी आणि खात्यात काम केलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

कडबाकुट्टी

महत्त्वाचा विषय. आमच्याकडे (नंदुरबार) २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. तेव्हा काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरल्या. संरक्षक कपडे घालून खात्याची माणसं शेडमध्ये उतरली होती. ते काम कुठल्याही खासगी डॉक्टरने केलं नसतं आणि पोल्ट्रीवाल्याने स्वतःहून तर मुळीच नाही. तुमच्या पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत.

---

पुणेरी_करदाता

विरोधासाठी विरोध नाही, प्रामाणिक प्रश्न आहे. गाय ही खासगी मालमत्ता, दुधाचं उत्पन्न मालकाचं. मग तिच्या औषधपाण्याला आणि मेल्यावर भरपाईला माझा कर का? दुचाकी बिघडली तर सरकार मेकॅनिक देत नाही.

---

वैद्य_आप्पा

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त. ३० वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषदेच्या आणि राज्याच्या दवाखान्यांत काढली. करदाता, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बुळकांडीच्या (रिंडरपेस्ट, गुरांचा साथीचा रोग) गोष्टीत आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बुळकांडी ज्यांनी पाहिली ती पिढी आता थकली. ताप, तोंडात फोड, मग रक्ताची हगवण, आणि आठ-दहा दिवसांत गोठेच्या गोठे रिकामे. या रोगापायी इंग्रजांनी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा काढली. हीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली. राज्यांच्या सीमांवर तपासणी नाके होते, बाजारात उतरणारा कळप अडवून टोचला जायचा. ९० च्या दशकात कामाची दिशा बदलली. लस थांबवायची आणि रोग शोधत गावोगाव फिरायचं. हे फार अवघड होतं. लस टोचणं डोळ्यांना दिसतं, त्याचे आकडे देता येतात. रोग 'नाही' हे शोधायला मात्र गावागावात पाटलाला, गुराख्याला, खाटकाला विचारत बसावं लागतं, आणि संध्याकाळी वहीत लिहायला शून्यच असतं. १९९५ नंतर देशात रुग्ण सापडला नाही. २००६ मध्ये भारताला बुळकांडीमुक्त म्हणून मान्यता मिळाली, आणि २०११ मध्ये जगातूनच हा रोग गेल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पूर्णपणे संपवलेला हा दुसराच रोग.

करदाता, दुचाकी बिघडली म्हणून शेजारच्याची दुचाकी बिघडत नाही. गुरांचं तसं नसतं. बुळकांडी गेल्याचा फायदा तुमच्या चहातल्या दुधाला आजही मिळतोय आणि त्यासाठी एकाही गोठेवाल्याला वेगळी वर्गणी द्यावी लागली नाही. ते काम कराच्या पैशातूनच झालं.

दावणीवरून, तुमच्या मुख्य प्रश्नावर सविस्तर लिहितो, पण उद्या. डोळ्यांचा त्रास आहे.

---

पुणेरी_करदाता

आप्पा, हे मला खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद. साथरोगाबद्दलचा माझा आक्षेप मागे. उपचारांबद्दल अजून शंका आहे, वाचत राहतो.

---

रानवारा

मी माण तालुक्यातली. आमच्या बचत गटातल्या बायकांकडे शेळ्या आहेत, कुणाकडे चार, कुणाकडे दहा. दावणीवरून दादा, तुमचा लेख गाईच्या दावणीवरून लिहिलाय. रोजचा उपचार पैसे देऊन मिळतो हे दुधाच्या पट्ट्यात खरं आहे. आमच्याकडे या आणि बघा. खासगी डॉक्टर म्हसवडवरून येणार, पेट्रोल धरून पाचशे मागणार. शेळीची किंमत आठ-दहा हजार, करडाची तर दोन-तीन हजार. कोणती बाई पाचशे देईल? ती लिंबाचा पाला देते, गूळ-हळद देते, आणि शेळी फारच खंगली तर खाटकाला अर्ध्या किमतीत देऊन मोकळी होते. दूध रोज पैसा देतं म्हणून गाईला डॉक्टर परवडतो. शेळी वर्षातून एकदा पैसा देते, तोही पोरांच्या शाळेच्या वेळी.

दुसरं, लसीकरणातही शेळीचा नंबर शेवटी. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस मिळाली तर कोवळ्या चाऱ्यावर करडं पटापट मरत नाहीत. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लस एकदा दिली की तीन वर्षं बघावं लागत नाही. हे आम्हाला पशुसखीने (जनावरांच्या काळजीचं शिक्षण घेतलेली गावातलीच बाई) शिकवलं. पण लस गावात येते तेव्हा पाऊस अर्धा झालेला असतो, आणि पहिल्यांदा गाईच्या गोठ्यांकडे जाते. मेंढपाळांचं तर विचारूच नका. दिवाळीनंतर वाडे (मेंढ्यांचे कळप) घेऊन कोकणात उतरलेल्या धनगराला कोणत्या दवाखान्याचं कार्यक्षेत्र लागतं?

उपचार बाजारावर सोडायचा असेल तर आमच्या शेळ्या त्या बाजारात बसत नाहीत, एवढंच सांगायचं होतं.

---

दावणीवरून

रानवारा ताई, तुमचं म्हणणं पटलं. गाय-म्हैस आणि शेळी-मेंढी यांना एकच माप लावता येणार नाही. मग असं धरू या का: दूध संघाच्या पट्ट्यात सरकारी डॉक्टरवरचा उपचाराचा भार कमी करायचा, संघांनी आणि खासगी डॉक्टरांनी तो उचलायचा. कोल्हापुरात गोकुळसारखा संघ सभासदांच्या गोठ्यावर पशुवैद्यकीय सेवा देतोच. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने घरपोच कृत्रिम रेतन किती वर्षांपूर्वी उभं केलं. आणि त्यातून मोकळा झालेला सरकारी डॉक्टर माण, आटपाडी, जत, पाटोदा अशा भागांत उपचारासाठी द्यायचा.

---

पदविका_पाटील

मी दुग्धव्यवसाय व पशुसंवर्धनाची पदविका घेतलेला. दहा-बारा गावांत काम करतो. या चर्चेत आमचं नाव 'खासगी डॉक्टर' म्हणून येतंय, म्हणून स्पष्ट लिहितो. कायद्याने आम्ही डॉक्टर नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा, त्यातल्या कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत पदवीधराच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार किरकोळ सेवा देता येतात. पट्टी करणं, लस टोचणं, प्राथमिक उपचार वगैरे.

रात्री दोन वाजता वस्तीवर म्हैस अडलीय, पारडाचा एक पाय बाहेर आणि डोकं वळलेलं. पदवीधर ४० किलोमीटरवर आणि त्याचा फोन बंद. त्या वेळी देखरेख कुणाची घ्यायची? मी हात घातला तर गुन्हा, नाही घातला तर म्हैस आणि पारडू दोन्ही गेलं. आणि लम्पीत हेच सरकार आम्हाला घरोघर बोलवत होतं. साथ संपली की आम्ही पुन्हा बोगस.

आमची मागणी सोपी आहे. काय करायचं, काय नाही याची स्पष्ट यादी द्या. वर्षातून एकदा प्रशिक्षण सक्तीचं करा. ज्याच्या देखरेखीखाली काम करायचं त्या पदवीधराचं नाव आमच्या ओळखपत्रावर लिहा आणि त्याच्यावरही जबाबदारी टाका.

---

वैद्य_आप्पा

पाटील, तुमची यादीची आणि ओळखपत्राची मागणी मला शंभर टक्के मान्य आहे. पण तुमच्या धंद्यातलं जे मी पाहिलंय तेही सांगतो, कारण त्याशिवाय ही चर्चा अर्धी राहील.

ताप दिसला की अँटिबायोटिक, स्टिरॉइड आणि वेदनाशामक अशी तीन इंजेक्शनं एकदम. दुसऱ्या दिवशी गाय चारा खाते, मालक खूश. स्टिरॉइडने ताप उतरलाय, आतला रोग तसाच. गाय गाभण असेल तर त्याच स्टिरॉइडने ती गाभडते, आणि मालक म्हणतो लसीमुळे गाभडली. अँटिबायोटिक दिल्यावर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं, हे किती जण मालकाला सांगतात? ते दूध लहान मुलांच्या पोटात जातं. पदवीधरांपैकीही काही जण हेच करतात, ते लपवणार नाही.

आणि एक इतिहास लक्षात ठेवा. गुरांना सर्रास दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने देशातली गिधाडं संपत आणली. मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलीपुरती मर्यादित करावी लागली. पुढे किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. सुरक्षित पर्याय मेलॉक्सिकॅम तेव्हाही होता आणि आजही आहे. औषधांवर देखरेख हेही सरकारचंच काम आहे, आणि माझ्या मते आज ते सर्वांत दुबळं आहे. तालुक्याच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय जनावरांची अँटिबायोटिकं मिळतात. तिथे तपासायला येतो कोण?

आता दावणीवरून यांच्या मुख्य प्रश्नाकडे. साथरोगाचं पथक वेगळं करावं, हे कागदावर छान आहे. मला त्यात एक धोका दिसतो. शेतकरी लस टोचणाऱ्याला ओळखत नसेल तर दार उघडत नाही. मी ज्याची अडलेली म्हैस मोकळी केली, तो माझ्या हातून लस टोचून घ्यायचा. लाळ्या खुरकुताच्या लसीनंतर दोन-चार दिवस दूध उतरतं, कधी टोचल्या जागी गाठ येते. त्यामुळे दुभत्या गाईला लस नको म्हणणारे गावात असतातच. त्यांना समजवायला उपचारातून मिळालेली ओळख लागते. रोग पहिल्यांदा कळतो तोही उपचार करणाऱ्यालाच. फऱ्या, घटसर्प, फाशी (अँथ्रॅक्स) या गुरांच्या रोगांचा पहिला फोन पथकाला जात नाही, रोजच्या डॉक्टरला जातो.

म्हणून माणसं वेगळी करण्यापेक्षा डॉक्टरच्या अंगावरचं बाकीचं ओझं काढा. योजनांचे अर्ज, अनुदानाच्या याद्या, ऑनलाइन नोंदी याला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही, कारकून लागतो. दवाखान्यामागे एक कारकून आणि एक परिचर द्या, आणि मग बघा.

दुसरं दुखणं म्हणजे एका तालुक्यात दोन मालक. काही दवाखाने जिल्हा परिषदेचे, काही थेट राज्याचे. साथ आली की दोघांचे अहवाल वेगळे, बैठका वेगळ्या, लसीचा साठा वेगळा. निम्म्याहून अधिक दवाखाने श्रेणी-२ चे, म्हणजे तिथे पदवीधर डॉक्टर नाहीच. दर्जावाढ होतेय म्हणतात. दर्जा वाढवताना फ्रिज आणि इन्व्हर्टरही द्या, नाहीतर लोडशेडिंगमध्ये लस खराब होते. ती २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. तापलेली लस टोचली तर नोंद होते, जनावर मात्र उघडंच राहतं.

---

वाटसरू_१२

वाचनखूण साठवली. आप्पा, लाळ्या खुरकुताची लस इतकी वर्षं चालू आहे, मग तो बुळकांडीसारखा जात का नाही?

---

वैद्य_आप्पा

चांगला प्रश्न. बुळकांडीच्या विषाणूचा एकच प्रकार होता आणि एका लसीने जवळजवळ जन्मभराचं संरक्षण मिळायचं. लाळ्या खुरकुताचे आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. लसीचा परिणामही साधारण सहा महिने. म्हणजे वर्षातून दोनदा, प्रत्येक वर्षी, प्रत्येक जनावराला. शिवाय डुकरं आणि रानातली हरणं-सांबरंही त्याला बळी पडतात. २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी (जनावरं गाभडवणारा रोग) १३,३४३ कोटींचा कार्यक्रम आणला, २०३० पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवून. एक फेरी चुकली की मागची मेहनत वाया जाते. आणि फेरी चुकते ती बहुतेक वेळा शेतकऱ्यामुळे नाही, लस वेळेत न आल्यामुळे किंवा टोचणारी माणसं संपावर असल्यामुळे.

---

कुंपणापलीकडे

मी मूळ सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये कुम्ब्रियाच्या जवळ राहतो. इथल्या शेतकऱ्यांशी बोलताना २००१ चा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. त्या साली लाळ्या खुरकुताची साथ आली. लस न देता बाधित आणि आसपासचे कळप मारण्याचं धोरण होतं, साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. कुम्ब्रियाला सर्वांत मोठा फटका बसला. आपल्याकडे हा मार्ग नाही आणि असूही नये. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मारल्या जाणाऱ्या जनावराची किंमत ठरवून मालकाला ती दिली जात होती. आजही इथे असा रोग आहे असा नुसता संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, आणि पुढचा तपास सरकारी पशुवैद्य करतो.

---

पदविका_पाटील

कळवणं बंधनकारक आपल्याकडेही आहे. २००९ चा संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायदा आहे, त्यात मालकानेही कळवायचं आणि ग्रामपंचायतीनेही. पण कळवलं की काय होतं ते गावाला माहीत आहे. बाजार बंद, दूध घ्यायला गाडी येत नाही, सोयरेसुद्धा गोठ्यात पाय ठेवत नाहीत. मग माणूस गुपचूप गाय विकतो आणि रोग पुढच्या तालुक्यात जातो. भरपाई लवकर आणि पुरेशी मिळाली तरच तो बोलेल. संकरित दुभती गाय आज ८०-९० हजारांची आहे. तिच्यासाठी ३० हजार म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत.

---

दावणीवरून

पाटील, हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता इतका तो मोलाचा आहे. लम्पीत मदत मिळाली, कारण साथ सगळ्यांना दिसत होती. एकट्या-दुकट्या गोठ्यात फाशी किंवा घटसर्प झाला तर कोण देतं? आणि आता राज्याने १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसेल तर खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी मदत यांवर निर्बंध आणलेत. बिल्ल्याला माझा विरोध नाही. बारा अंकांचा एक नंबर असला की गाईला कोणती लस कधी दिली, ती कुठून आली हे कळतं. रोग माग काढत थांबवायचा तर हे लागतंच. पण बिल्ला काट्यात अडकून कान फाटतो, पडतो, आणि नवा मिळायला तीच रिकामी खुर्ची. तोवर गाय विजेच्या धक्क्याने मेली तर मदत गेली. सक्ती करणाऱ्याने आधी पुरवठा करायला हवा.

---

सत्तरीकर

गोव्यातून लिहितो. आमच्या सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे, पलीकडे तुमच्या दोडामार्गात २०१६ मध्ये तो पोचला. रोग गोचिडीतून येतो. माकडं मरतात ती पहिली खूण. गुरांना त्या रोगाचा तसा त्रास होत नाही, पण रानात चरून आलेली गुरं गोचिडी अंगावर घेऊन गोठ्यात येतात, आणि तिथून माणसाला. काजू गोळा करणारे, सरपणाला जाणारे लोक दगावले आहेत.

इथे कुठल्या खात्याने काम करायचं? माणसाचा डॉक्टर रक्त तपासतो, वनखातं माकड उचलतं, गुरांवर गोचीडनाशक लावायचं काम पशुसंवर्धनाचं. तिघं एकत्र बसली तरच पुढचा हंगाम सुखाचा जातो. गोचीडनाशकाचा खर्च गरीब माणसावर टाकला तर तो लावणार नाही, आणि त्याची किंमत आजारी माणसांत मोजावी लागेल. करदाता यांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

---

रानवारा

सत्तरीकर दादांनी माणसांचा विषय काढला म्हणून विचारते. आमच्या गटातल्या एका ताईंना कित्येक महिने ताप यायचा-जायचा, सांधे धरायचे, रात्री घाम. टायफॉइड, मलेरिया सगळं तपासून झालं. शेवटी मोठ्या दवाखान्यात ब्रुसेला निघाला. त्यांच्याकडे त्या साली शेळ्या गाभडल्या होत्या आणि वार त्यांनीच हाताने काढून टाकली होती. आप्पा, याची लस शेळ्यांना मिळते का? बाकीच्या बायकांनी काय काळजी घ्यायची?

---

वैद्य_आप्पा

ताई, सरकारी कार्यक्रमात ही लस गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना देतात, आयुष्यात एकदाच. नरांना आणि गाभण जनावरांना देत नाहीत. लस जिवंत जंतूंची आहे, त्यामुळे टोचताना सुई हाताला लागली तर टोचणाऱ्यालाच रोग होऊ शकतो. माझ्या ओळखीच्या दोन सहकाऱ्यांनी ते भोगलं आहे. या कार्यक्रमात शेळ्यांना ही लस नाही, म्हणून काळजी हाच उपाय.

गाभडलेलं करडू आणि वार उघड्या हाताने उचलायची नाही. हातमोजा नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी हातात घाला. ते कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरून वर चुना टाका. जागा फिनाइलने धुवा. दूध उकळल्याशिवाय कुणीही, विशेषतः गरोदर बाईने पिऊ नये. गाभडलेली शेळी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. कळपात एकापेक्षा जास्त गाभडल्या तर रक्ताचे नमुने द्या. तालुक्याच्या दवाखान्याने ते जिल्ह्याला आणि तिथून पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाला पाठवायचे असतात. दवाखाना टाळाटाळ करू लागला तर ग्रामपंचायतीच्या पत्रावर मागा, त्या पत्राची पोच घ्या. तापाच्या पेशंटने माणसांच्या डॉक्टरला 'आमच्याकडे जनावरं आहेत, गाभडली होती' हे पहिल्याच भेटीत सांगायचं. औषध लागू पडतं, पण कोर्स सहा आठवड्यांचा असतो, मध्ये सोडायचा नाही.

---

रानवारा

आप्पा, हे सगळं लिहून घेतलं. सोमवारी गटाची बैठक आहे, तिथे वाचून दाखवते.

---

पुणेरी_करदाता

उपचारांबद्दलची माझी शंकाही आता बरीच कमी झाली. एक सुचवावंसं वाटतं. उपचाराला नाममात्र शुल्क असावं, पण ते दवाखान्यातच खर्च व्हावं, तिजोरीत जाऊ नये. कापूस, सुया, हातमोजे त्यातून घेता येतील. शेळी-मेंढीला ते माफ.

---

पदविका_पाटील

१९६२ नंबरचा उल्लेख कुणी केला नाही. त्या नंबरवर फोन केला की फिरता दवाखाना येतो, डॉक्टर, मदतनीस, औषधं गाडीत. आमच्या भागात गाडी चांगली चालते, पण तिची वेळ दिवसाची आहे. जनावरं रात्री अडतात. दोन तालुक्यांत मिळून एक गाडी तरी रात्रपाळीला ठेवा. रानवारा ताईंच्या भागात लांब अंतराला हाच उपाय सर्वांत जवळचा वाटतो.

---

दावणीवरून

आप्पांचा मुद्दा मी मान्य करतो, लस टोचणारा आणि उपचार करणारा माणूस एकच असलेला बरा. ओळखीशिवाय लस होत नाही, हे आमच्या गावातही तसंच आहे. मग मागणी अशी राहते: दवाखान्यामागे कारकून आणि परिचर, चालू फ्रिज, एका तालुक्याला एकच अधिकारी, पावसाळ्याआधी शेळ्यांची लस, १९६२ ची रात्रपाळी, आणि घटसर्प-फाशीसारख्या रोगांत एका जनावरालासुद्धा बाजारभावाच्या जवळ जाणारी भरपाई. पदविकाधारकांसाठी कामांची लेखी यादी आणि जबाबदार पदवीधराचं नाव.

हे मी जिल्हा परिषदेच्या आमच्या सदस्यांना आणि पशुसंवर्धन आयुक्तालयाला लेखी देणार आहे. रानवारा ताई, माणच्या बाजूने शेळ्या-मेंढ्यांचा भाग तुम्ही लिहून द्याल का? वाडे फिरतीवर असताना लस कुठे आणि कोणत्या महिन्यात टोचायची, हे तुमच्याकडचे मेंढपाळच नीट सांगू शकतील.

---

रानवारा

देते. आमच्याकडचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर वर येतात. उतरायच्या आधी एकदा आणि वर आल्यावर एकदा, घाटाच्या तोंडाशीच टोचणी ठेवली तर एकही कळप चुकणार नाही. कोणत्या घाटाने कोण जातं, ते दोन-तीन जाणत्या माणसांना विचारून नावानिशी लिहून पाठवते.